अनुल्लंघनीयता: कोणाला हात लावता येत नाही आणि का? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनुल्लंघनीयता म्हणजे नेमकं काय?

एखाद्या माणसाला, जागेला, वस्तूला किंवा हक्काला बळाने हात लावायचा नाही, असं आधीच ठरवून ठेवणं. राजदूताला अटक करायची नाही, वकिलातीत पोलिसांनी शिरायचं नाही, भाविकाच्या पापांची कबुली ऐकणाऱ्या पाद्र्याने तोंड उघडायचं नाही, कैद्याचा छळ करायचा नाही. प्रसंग उभा राहिल्यावर ‘या वेळी नियम मोडला तर फायदा किती, तोटा किती’ असा हिशोब मांडत बसायचं नाही, यासाठीच तर ते आधी ठरवायचं.

हे बंधन दुबळ्यावर नसतं, बळकटावर असतं. ज्याच्या हाताशी शिपाई आणि तुरुंग आहेत, त्यानेच हात आवरायचा असतो. त्यामुळे दूताच्या अंगात किंवा देवळाच्या भिंतीत कसलीही जादू नसते. सगळं समोरच्याच्या संयमावर आणि तो सुटला तर काय किंमत मोजावी लागेल यावर चालतं. खालची बहुतेक उत्तरं वाचताना एक प्रश्न मनात ठेवा: या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे? माझं मत आधीच सांगून टाकतो. संरक्षण एखाद्या कामाला दिलेलं असेल आणि ते काढून घेण्याची वाट आधीच आखलेली असेल, तर ते टिकतं आणि लोकांना पटतंही. ते माणसाला चिकटलं, की सडायला लागतं. याला अपवाद अगदी थोडे आहेत, त्यांच्याकडे शेवटी येऊ.

मग अनुल्लंघनीयता आणि कायदेशीर उन्मुक्ती एकच का?

नाही, पण वर्तमानपत्रांत दोन्हींची सर्रास गल्लत होते. अनुल्लंघनीयता म्हणजे अंगाला, घराला, कागदपत्रांना हात लावायचा नाही. उन्मुक्ती म्हणजे न्यायालयात खेचायचं नाही. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारात या दोन गोष्टी वेगवेगळ्या कलमांत आहेत: अटक करायची नाही हे कलम २९ मध्ये, खटला चालवायचा नाही हे कलम ३१ मध्ये.

लोकप्रतिनिधींच्या बाबतीत तिसरा प्रकार येतो. सभागृहात काय बोलला आणि कोणाला मत दिलं, याचा जाब बाहेर कोणी विचारायचा नाही. भारतात राज्यघटनेच्या कलम १०५ ने खासदारांना हे संरक्षण दिलं आहे, पण फौजदारी गुन्ह्यात अटक टाळण्याची ढाल त्यांच्याकडे नाही. अधिवेशनाच्या आधी आणि नंतर चाळीस दिवस अटक होत नाही, ती फक्त दिवाणी प्रकरणांत. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांची गोष्ट निराळी: कलम ३६१ नुसार ते पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी कारवाईच सुरू करता येत नाही.

ही कल्पना धर्मातून आली का?

बऱ्याच अंशी, हो. पण तिचं सर्वांत बोलकं जुनं उदाहरण धर्म आणि राजकारण यांच्या बरोबर सीमेवरचं आहे.

परंपरेने सांगितलेली कथा अशी. इ. स. पू. ४९४ मध्ये कर्जाने आणि सावकारांच्या जाचाने पिचलेले रोममधले सामान्य लोक, म्हणजे प्लेबियन, शहर सोडून बाहेरच्या टेकडीवर जाऊन बसले. सैन्यात लढणारे तेच असल्यामुळे उमराव घाबरले. तडजोडीत प्लेबियनांना स्वतःचे प्रतिनिधी मिळाले, ते ट्रिब्यून. त्यांच्याकडे ना फौज होती, ना पिढीजात मान. मग त्यांचं रक्षण करायचं कशाने? लोकांनी सामुदायिक शपथ घेतली: ट्रिब्यूनला जो हात लावेल, तो देवांना वाहिला गेला असं समजावं. याचा साधा अर्थ असा, की त्याला कोणीही ठार करावं, खुनाचं पाप लागणार नाही. बदल्यात ट्रिब्यूनवरही बंधनं आली. त्याने रात्री शहराबाहेर राहायचं नाही आणि घराचं दार रात्रंदिवस उघडं ठेवायचं. गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्याला तो केव्हाही सापडला पाहिजे, यासाठी त्याच्या अंगाला संरक्षण होतं. संरक्षणाच्या बदल्यात इतकं रोकडं काम मागणारी व्यवस्था नंतर फारशी दिसत नाही.

पुढचा भाग कमी सुखद आहे. इ. स. पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्राक्कस या ट्रिब्यूनने जमीनवाटपाच्या कायद्याला आडवा येणारा आपलाच सहकारी ट्रिब्यून मतदानाने पदावरून काढला. त्याचा युक्तिवाद असा होता, की जो लोकांच्याच विरोधात जातो, तो ट्रिब्यून उरतच नाही. किल्ली पहिल्यांदा फिरली ती अशी. त्याच वर्षी सिनेटरांच्या जमावाने बाकांचे तुटलेले पाय हातात घेऊन खुद्द टायबेरियसला ठेचून मारलं आणि प्रेत टायबर नदीत फेकलं. पुढे इ. स. पू. ३६ मध्ये ऑक्टेव्हियनने, म्हणजे नंतरच्या ऑगस्टसने, ट्रिब्यून नसतानाच ट्रिब्यूनचं हे पावित्र्य स्वतःसाठी मिळवलं. गरिबांनी सत्ताधाऱ्यांपासून बचाव म्हणून घडवलेली ढाल चार-साडेचार शतकांत सम्राटाच्या हातात गेली.

दूताला मारायचं नाही, हा नियम कोणाचा?

कोणा एकाचा नाही. तो जवळजवळ सगळीकडे सापडतो आणि सगळीकडे तो मोडल्याच्या कथाही सापडतात.

रामायणात रावण हनुमानाला मारण्याची आज्ञा देतो, तेव्हा बिभीषण मध्ये पडतो: दूत अवध्य असतो. पण तोच बिभीषण पुढे सांगतो, की दूताला विद्रूप करणं, फटके मारणं, मुंडण करणं अशा शिक्षा चालतात. म्हणून शेपटीवर निभावतं. (लंकेचं काय झालं ते माहीत आहेच.) कौटिल्याच्या अर्थशास्त्रात याचं कारणही दिलं आहे. दूत म्हणजे राजाचं मुख, तो दुसऱ्याचं वाक्य बोलतो. म्हणून समोर शस्त्रं उगारलेली असतानाही त्याने निरोप जसाच्या तसा सांगावा. आणि दूत अगदी अंत्यज असला तरी त्याला मारू नये, असंही तिथे आहे. त्या काळी ब्राह्मणाला वधाची शिक्षा नव्हती ती जन्मामुळे. दूताचं अवध्यत्व जन्मावर नाही, हातातल्या कामावर अवलंबून होतं, आणि जन्माने ठरणाऱ्या समाजात ही गोष्ट लहान नव्हती.

ग्रीकांची कथा हेरॉडोटसने सांगितली आहे. इराणच्या दरायस राजाचे दूत ‘माती आणि पाणी’ मागायला, म्हणजे शरणागती मागायला आले. स्पार्टाच्या लोकांनी त्यांना विहिरीत ढकललं: घ्या तिथूनच माती आणि पाणी! नंतर स्पार्टाला अपशकुन होऊ लागले, तेव्हा दोन स्पार्टन उमराव प्रायश्चित्त म्हणून मरायला तयार होऊन इराणला गेले. दरायसचा मुलगा झर्क्सीस याने त्यांना मारायला नकार दिला. स्पार्टाने सर्व माणसांचा नियम मोडला, मी तसा वागणार नाही आणि तुम्हाला पापातून मोकळंही करणार नाही, असं त्याचं उत्तर होतं. शत्रूने दिलेली इतकी बोचरी चपराक इतिहासात क्वचितच सापडेल.

चंगेजखानाने मात्र क्षमा केली नाही. १२१८ मध्ये मध्य आशियातल्या ख्वारज्म साम्राज्याच्या हद्दीत ओतरार इथे त्याचा व्यापारी तांडा कापला गेला. जाब विचारायला गेलेला दूतही मारला गेला. पुढच्याच वर्षी मंगोल फौजा चालून आल्या आणि ते साम्राज्य संपलं.

वकिलात म्हणजे त्या देशाची भूमीच असते ना?

नसते. हा गैरसमज चिवट आहे. वकिलातीखालची जमीन यजमान देशाचीच राहते आणि आत घडलेला गुन्हाही त्याच देशाच्या कायद्याने गुन्हा ठरतो. १९६१ च्या कराराचं कलम २२ एवढंच सांगतं, की वकिलातप्रमुखाच्या संमतीशिवाय यजमान देशाच्या अधिकाऱ्यांनी आत पाऊल ठेवायचं नाही. त्यात आगीचासुद्धा अपवाद नाही. वाणिज्य दूतावासांसाठीच्या (कॉन्सुलेट) १९६३ च्या करारात मात्र आग किंवा तशीच आपत्ती आली, तर संमती आहे असं धरलं जातं.

कलम २२ चा दुसरा भाग लोक विसरतात: यजमान देशाने नुसतं बाहेर राहायचं नाही, इतरांनाही आत घुसू द्यायचं नाही. ४ नोव्हेंबर १९७९ ला तेहरानमध्ये विद्यार्थ्यांनी अमेरिकी वकिलातीचा ताबा घेतला. ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८० च्या निकालात इराणला दोषी धरलं ते आधी जमावाला न रोखल्याबद्दल आणि नंतर त्या कृत्याला पाठिंबा दिल्याबद्दल. हेरगिरीचा संशय होता तर काय करायचं? न्यायालयाने म्हटलं, उपाय करारातच आहे: माणसांना हाकलून द्या, संबंध तोडा. दार फोडणं हा त्यातला उपाय नाही.

याच्या उलट टोकाचं प्रकरण १९८४ चं. लंडनमध्ये लिबियाच्या वकिलातीतून बाहेरच्या निदर्शकांवर गोळीबार झाला आणि इव्हॉन फ्लेचर ही तरुण पोलीस शिपाई मारली गेली. पोलिसांनी अकरा दिवस वेढा घातला, पण आत शिरले नाहीत. शेवटी ब्रिटनने संबंध तोडले आणि आतले सगळे जण, गोळी झाडणाऱ्यासकट, सुखरूप मायदेशी गेले. ब्रिटिश जनता संतापली आणि तो संताप रास्तच होता. पण त्याच वेळी लिबियाच्या राजधानीत, त्रिपोलीमध्ये, ब्रिटनचीही वकिलात होती, तिलाही वेढा पडला होता आणि आत ब्रिटिश माणसं होती. दार फोडण्याची किंमत कोणी मोजली असती, ते सरकारला ठाऊक होतं. तीन वर्षांनी ब्रिटनने कायदा करून एखादी जागा वकिलात म्हणून मानायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला.

वकिलातीत आश्रय घेणारा तिथे किती दिवस राहू शकतो?

ठेवून घेणारा ठेवेल तोवर. हंगेरीचे कार्डिनल मिंडसेंटी १९५६ मध्ये बुडापेस्टच्या अमेरिकी वकिलातीत शिरले ते १९७१ मध्ये बाहेर पडले. विकिलीक्सचा संस्थापक ज्युलियन असांज २०१२ पासून लंडनमधल्या एक्वादोरच्या वकिलातीत होता. एप्रिल २०१९ मध्ये एक्वादोरनेच पोलिसांना आत बोलावलं, कारण किल्ली त्यांची होती. त्याच एक्वादोरच्या पोलिसांनी एप्रिल २०२४ मध्ये किटो इथल्या मेक्सिकोच्या वकिलातीत जबरदस्तीने शिरून आपल्या माजी उपराष्ट्राध्यक्षाला उचललं. मेक्सिकोने ताबडतोब संबंध तोडले आणि प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलं. त्या माजी उपराष्ट्राध्यक्षावर भ्रष्टाचाराचे गुन्हे आधीच सिद्ध झालेले होते, हे खरं. तरी पाच वर्षांपूर्वी ज्या देशाने हाच नियम पाळून घेतला, त्यानेच तो मोडावा, याला मी तरी निर्लज्जपणाच म्हणेन.

डिप्लोमॅटिक बॅगेत काहीही नेता येतं का?

कायद्याने नाही, फक्त राजनैतिक कागदपत्रं आणि सरकारी कामाच्या वस्तू. पण बॅग उघडायची किंवा अडकवून ठेवायची नाही, त्यामुळे आत काय आहे ते बघणार कोण? अट एकच: ती बॅग आहे हे बाहेरून नीट दिसलं पाहिजे. १९८४ मध्ये लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर कस्टम अधिकाऱ्यांनी दोन मोठी खोकी उघडली, कारण त्यांवर योग्य खुणा नव्हत्या. एकात गुंगीचं औषध दिलेले नायजेरियाचे माजी मंत्री उमारू डिक्को होते आणि त्यांचा श्वास चालू राहावा म्हणून सोबत एक भूलतज्ज्ञ!

राजदूताने गुन्हा केला तर तो सुटतोच का?

नेहमी नाही. त्याला पाठवणारा देश उन्मुक्ती सोडू शकतो. ती सोडण्याचा अधिकार त्या देशाचा असतो, त्या माणसाचा नाही, कारण संरक्षण मुळात त्याचं नसतंच. जानेवारी १९९७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये जॉर्जिया या देशाच्या वकिलातीतल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने दारू पिऊन गाडी चालवली आणि सोळा वर्षांची एक मुलगी मरण पावली. जॉर्जियाच्या सरकारने उन्मुक्ती काढून घेतली, त्याने गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात गेला. असं फार वेळा घडत नाही. बहुतेकदा यजमान देश त्या अधिकाऱ्याला अवांछित व्यक्ती ठरवून परत पाठवतो, त्यासाठी कारण सांगण्याचीही गरज नसते.

वाणिज्य दूतांचं कवच बरंच पातळ असतं. गंभीर गुन्ह्यात, न्यायालयाच्या आदेशाने त्यांना अटक होऊ शकते. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या भारताच्या उपमहावाणिज्यदूत महिलेला अटक झाली, तेव्हा सगळा वाद याच फरकावर आणि अर्थातच ज्या तऱ्हेने झडती घेतली गेली त्यावर पेटला.

राजा अनुल्लंघनीय असेल, तर त्याच्या कृत्याचा जाब कोणी द्यायचा?

मंत्र्यांनी. घटनात्मक राजेशाहीने काढलेली ही युक्ती खरोखर हुशारीची आहे. स्पेनच्या १९७८ च्या घटनेत राजाची व्यक्ती अनुल्लंघनीय आहे आणि तो कशालाही उत्तरदायी नाही. पण त्याच्या हुकमावर मंत्र्याची प्रतिसही लागते आणि जी सही करेल ती व्यक्ती जबाबदार. राजाला हात लावायचा नाही, कारण राजाच्या हातात काही ठेवलेलंच नाही. अडचण येते ती राजाच्या खाजगी व्यवहारांत, जिथे सही करायला मंत्री नसतो. माजी राजे हुआन कार्लोस यांच्या पैशांच्या चौकशीत नेमकं तेच झालं: २०१४ मध्ये पद सोडण्याआधीच्या काळाला स्पेनमध्ये हात लावता आला नाही.

फ्रान्सच्या १७९१ च्या घटनेतही राजा ‘अनुल्लंघनीय आणि पवित्र’ होता. पुढच्याच वर्षी राजेशाही गेली आणि सोळाव्या लुईवर खटला उभा राहिला, तेव्हा त्याच्या वकिलांनी हेच कलम पुढे केलं. सँ-झ्युस्त या क्रांतिकारी प्रतिनिधीने उलट मांडणी केली: राजा नागरिकच नव्हता, शत्रू होता, त्यामुळे नागरिकांसाठीच्या कराराचा आधार त्याला मिळत नाही. २१ जानेवारी १७९३ ला लुईचा शिरच्छेद झाला. कायद्याच्या अंगाने पाहिलं तर वकिलांची बाजू भक्कम होती, असं मला वाटतं. पण ज्या संरक्षणाला किल्लीच ठेवलेली नसते, तिथे लोक शेवटी दार तोडतात. जपानमध्ये १८८९ च्या मेजी घटनेने सम्राटाला पवित्र आणि अनुल्लंघनीय ठरवलं होतं. ते दार लोकांनी तोडलं नाही, पण ते उघडायला महायुद्धातला पराभव लागला आणि १९४७ च्या घटनेत सम्राट राष्ट्राचं प्रतीक तेवढा उरला.

खासदारांना अटकेपासून संरक्षण हवंच कशाला? चोरांची सोयच ना ती?

पुष्कळदा सोय होतेही. तरी ते आलं कुठून ते पाहा. ४ जानेवारी १६४२ ला इंग्लंडचा पहिला चार्ल्स सशस्त्र माणसं घेऊन पाच सभासदांना पकडायला थेट कॉमन्स सभागृहात शिरला. ते आधीच निसटले होते. राजाने सभापती लेंथॉलला विचारलं, ते कुठे आहेत? तो गुडघे टेकून म्हणाला, की या सभागृहाने सांगितल्याशिवाय मला पाहायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही. तेव्हापासून कामकाज चालू असताना ब्रिटनचा एकही राजा किंवा राणी त्या सभागृहात गेलेली नाही. फ्रान्समध्ये २३ जून १७८९ ला राजाने घरी जायला सांगितलं असताना प्रतिनिधींनी जागेवरून न हलता, मिराबोच्या प्रस्तावावर, स्वतःला अनुल्लंघनीय जाहीर केलं. समोर संगिनी होत्या. त्या वेळी ही सोय नव्हती, जीव वाचवण्याची धडपड होती.

संगिनी गेल्या आणि ढाल राहिली, की प्रश्न सुरू होतो. इटलीत खासदाराविरुद्ध चौकशीलाच सभागृहाची परवानगी लागायची आणि सभागृह ती सहसा देत नसे. नव्वदीच्या दशकातल्या लाचखोरीच्या लाटेत लोक इतके चिडले, की १९९३ मध्ये घटना बदलून चौकशीची परवानगी काढून टाकली गेली, अटकेसाठीची राहिली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सभागृहातल्या मतासाठी लाच घेणाऱ्यालाही कलम १०५ चं संरक्षण दिलं होतं. मार्च २०२४ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल फिरवला. लाच घेतली त्या क्षणी गुन्हा पूर्ण होतो, मग मत कसंही द्या.

पण उलटं उदाहरणही डोळ्यांसमोर असू द्या. तुर्कस्तानने मे २०१६ मध्ये एका झटक्यात शंभरावर खासदारांचं संरक्षण काढलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कुर्दसमर्थक पक्षाचे नेते सेलाहत्तिन देमिर्ताश तुरुंगात गेले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०२० मध्ये ते चूक ठरवलं. म्हणून ‘खासदारांची सगळी संरक्षणं रद्द करा’ अशी घोषणा ऐकली की मी आधी बघतो, ती विरोधक देत आहेत की सरकार.

देवस्थानात शिरलेल्या गुन्हेगाराला पकडता येत नसे, हे खरं का?

खरं, पण धर्मांनीही अपवाद ठेवले होते. बायबलच्या जुन्या करारात चुकून खून घडलेल्यासाठी आश्रयाची सहा नगरं आहेत. मात्र कट करून मारणाऱ्याला माझ्या वेदीपासूनही ओढून न्या, असं त्याच ग्रंथात देवच सांगतो. इंग्लंडमध्ये चर्चमध्ये शिरलेल्याला चाळीस दिवस मिळत. तेवढ्यात गुन्हा कबूल करून देश कायमचा सोडण्याची शपथ घ्यायची. १६२४ मध्ये संसदेने ही सोय बंद केली.

अथेन्सची कथा जास्त झोंबणारी आहे. इ. स. पू. सातव्या शतकात सायलॉनचा सत्ता बळकावण्याचा डाव फसला आणि त्याचे साथीदार अथेनाच्या मंदिरात शिरले. त्यांनी मूर्तीला दोरा बांधला आणि तो हातात धरून खाली उतरू लागले, म्हणजे देवीचं संरक्षण तुटणार नाही. वाटेत दोरा तुटला. अधिकाऱ्यांनी ते देवीने हात काढल्याचं लक्षण मानलं आणि त्यांना कापून काढलं. सोयीचं कारण सापडलं खरं, पण ज्या घराण्याने हे केलं त्याच्यावरचा शापाचा डाग जाईना. दोनशे वर्षांनी पेरिक्लीसविरुद्धही स्पार्टाने तोच उकरून काढला, कारण त्याची आई त्या घराण्यातली होती.

अलीकडचं उदाहरण २० नोव्हेंबर १९७९ चं. सशस्त्र बंडखोरांनी मक्केच्या मुख्य मशिदीचा ताबा घेतला. त्या परिसरात शिकार करणं, झाड तोडणंसुद्धा निषिद्ध. मग गोळीबार कसा करायचा? सौदी सरकारने आधी धर्मपंडितांकडून बळ वापरण्याची लेखी परवानगी घेतली आणि मगच कारवाई केली. दोन आठवडे ती चालली. सत्ता राजाकडे होती, पण या दाराची किल्ली त्याला दुसऱ्याकडून मागून घ्यावी लागली.

कबुलीचं गुपित कोणत्याच कारणाने फोडता येत नाही का?

कॅथलिक चर्चच्या मते, नाही. १९८३ च्या धर्मसंहितेत कबुलीच्या गुपितावरची ही मोहोर अनुल्लंघनीय आहे आणि ती थेट फोडणारा पाद्री आपोआप बहिष्कृत होतो. ज्याने कबुली दिली तोही त्याला यातून मोकळं करू शकत नाही, असं व्हॅटिकनने २०१९ मध्ये पुन्हा सांगितलं. ऑस्ट्रेलियात मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांची मोठी चौकशी झाल्यावर व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलंड यांसारख्या राज्यांनी कायदे बदलले: अशी माहिती कबुलीत कळली तरी पाद्र्याने ती पोलिसांना द्यायची. मी राज्यांच्या बाजूचा आहे. गुपिताने पश्चात्तापाची वाट मोकळी राहते हे मान्य, पण इथे किंमत मोजणारं मूल त्या करारात कधीच सामील नव्हतं.

घर अनुल्लंघनीय असतं म्हणजे पोलीस येऊच शकत नाहीत?

येऊ शकतात, वॉरंट घेऊन. प्रत्येकाचं घर हा त्याचा किल्ला, हे तत्त्व इंग्लंडमधल्या १६०४ च्या ज्या सेमेन खटल्यामुळे गाजलं, त्याच निकालात आधी सूचना देऊन राजाच्या कामासाठी दार तोडता येतं असंही आहे. ते वाक्य कोणी भिंतीवर लावत नाही.

असं काही आहे का, ज्याची किल्ली कोणाकडेच नसावी?

आहे, आणि यादी मुद्दाम लहान आहे. जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्याचं पहिलंच कलम मानवी प्रतिष्ठेला हात लावता येणार नाही असं सांगतं, आणि ते तत्त्व घटनादुरुस्तीनेही काढता येत नाही. याची कसोटी २००२ मध्ये फ्रँकफर्टमध्ये लागली. अकरा वर्षांच्या एका मुलाचं अपहरण झालं होतं. संशयित सापडला, पण मुलगा कुठे आहे ते सांगेना. पोलीस उपप्रमुखाने त्याला असह्य वेदना देण्याची धमकी द्यायला सांगितलं आणि हे आपल्या सहीने नोंदवूनही ठेवलं. संशयित बोलला. मुलाचा खून आधीच झाला होता.

पुढे खुन्याला जन्मठेप झाली. पोलीस अधिकाऱ्यालाही न्यायालयाने दोषी ठरवलं, शिक्षा मात्र नाममात्र दिली. युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं, की ती धमकी अमानवी वागणूकच होती, मूल वाचवण्याचा हेतू असला तरी. अनेकांना हा निकाल निष्ठुर वाटतो. मला तो बरोबर वाटतो आणि त्या अधिकाऱ्याबद्दल आदरही वाटतो, कारण त्याने केलेलं लपवलं नाही. एका प्रामाणिक माणसासाठी ही फट ठेवली, तर तिच्यातून पुढे कोण कोण शिरेल हे सांगायला ज्योतिषी नको. जर्मन घटना न्यायालयाने २००६ मध्ये अपहृत विमान पाडण्याची परवानगी देणारा कायदाही याच कलमावर रद्द केला: आतल्या निरपराध प्रवाशांना दुसऱ्यांना वाचवण्याचं साधन करता येणार नाही.

युद्धात रुग्णालयावर हल्ला कधीच करता येत नाही का?

संरक्षण संपू शकतं, पण अटी कडक आहेत. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम १९ नुसार रुग्णालयाचा वापर शत्रूला हानी पोहोचवण्यासाठी होत असेल तरच, आणि तेव्हाही आधी इशारा व वाजवी मुदत देऊन. जखमी सैनिक तिथे उपचार घेत आहेत किंवा त्यांच्याकडून काढून घेतलेली बंदुका-काडतुसं तिथे सापडली, एवढ्याने संरक्षण जात नाही. बातमीत ‘तिथे शस्त्रं होती’ असं वाक्य आलं, तर कोणती शस्त्रं आणि इशारा दिला होता का, हे दोन प्रश्न विचारावेत.

देशाच्या सीमा अनुल्लंघनीय म्हणजे कधीच बदलत नाहीत?

बदलतात, बळाने बदलायच्या नाहीत एवढंच. १ ऑगस्ट १९७५ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यात ३५ देशांनी हे मान्य केलं आणि सहमतीने, शांततेने बदल करण्याची वाटही त्यातच ठेवली. त्या वाटेने १९९० मध्ये जर्मनी एक झाली. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला तो या वाटेने नव्हे; १९९४ च्या बुडापेस्ट निवेदनात युक्रेनने अण्वस्त्रं सोडल्याच्या बदल्यात त्याच्या सीमांचा आदर करण्याचं वचन रशियानेही दिलं होतं.

डिप्लोमॅटिक नंबरप्लेटच्या गाडीला पार्किंगचा दंड होतो का?

पावती फाडता येते, वसूल करणं अवघड. गाडीची झडती किंवा जप्ती होत नाही. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांसाठी आलेल्या देशोदेशींच्या वकिलातींनी वर्षानुवर्षं थकवलेल्या दंडाचा ढीग साठला होता. २००२ मध्ये दंड न भरणाऱ्या गाड्यांच्या खास प्लेटाच काढून घ्यायचं ठरलं आणि थकबाकी त्या देशाला मिळणाऱ्या अमेरिकी मदतीतून कापण्याची तरतूद झाली. त्यानंतर बहुतेक अधिकाऱ्यांना गाडी नीट लावता येऊ लागली.